आईच्या सीटीत मेंदूत पांढरं दिसलं. कॅल्शियम साचलं म्हणतात, मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या का?

कपाशीवाला (धागाकर्ता) | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी शेतीच्या नाहीतर जुन्या गाण्यांच्या धाग्यांवर असतो. आज काम वेगळं आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आई ५७ वर्षांची. चौदा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याची थायरॉइडची गाठ काढली, तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी एक गोळी चालू आहे. बाकी ठणठणीत. वावरात माझ्याहून जास्त काम तिचंच.

मागच्या वेचणीत ती म्हणायला लागली, "बोंडातून कापूस ओढताना बोटं एका जागी येऊन जातात, मंग सुटतच नाही." ओठाभोवती मुंग्याही यायच्या. आम्ही अशक्तपणा म्हणून सोडून दिलं. गावातल्या डॉक्टरनं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं कधी घेतल्या, कधी नाही. यंदा तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अंगणातच झटका आला. दोनेक मिनिटं. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल आणली. मी नुसता उभा होतो, खोटं कशाला सांगू.

जिल्ह्याच्या गावी एका सेंटरवर सीटी केला. रिपोर्टात आहे : 'बायलॅटरल सिमेट्रिकल डेन्स कॅल्सिफिकेशन इन बेसल गँग्लिया अँड डेंटेट न्यूक्लियाय. क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.' तिथल्या डॉक्टरनं फेनिटोइन (झटक्याची गोळी) लिहून दिलं आणि महिन्यानं बोलावलं. रक्त तपासलं नाही.

परतताना मेडिकल दुकानवाल्यानं रिपोर्ट वाचला. म्हणाला, डोक्यात कॅल्शियम साचलं आहे, आता कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा, दूधही बंद करा. पटलं आम्हाला. तीन आठवडे झाले बंद करून. आता बोटं रोज आखडतात. वहिनीचं म्हणणं, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं झालं असेल, आमच्या माठालाही पांढरा थर बसतो.

फिल्म खिडकीला धरून पाहिली. मधोमध दोन्हीकडं पांढरं, हुबेहूब फुटलेल्या बोंडासारखं. डावीकडं जसं, उजवीकडं तसंच. हे नेमकं काय असतं? ट्यूमर तर नाही ना?

---

लिंबाची_सावली | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५८

भाऊ, मले त्यातलं काही समजत नाही, पण गोळ्या कायले बंद केल्या दुकानवाल्याच्या सांगण्यावरून? मायची काळजी घ्या. डॉक्टर लोकं आहेत इथं, बोलतीलच.

---

क्षकिरण | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२५

कपाशीवाले भाऊ, सविस्तर उद्या लिहितो. हे मात्र आताच वाचा.

थायरॉइडचं ऑपरेशन, बोटं आखडणं, ओठाला मुंग्या, झटका, आणि मेंदूत दोन्ही बाजूंना सारखं कॅल्शियम. ही पाचही एकाच मुळाची पानं असण्याची दाट शक्यता आहे. थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात. गाठ काढताना त्या निघून जाऊ शकतात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि त्रास कधी लगेच तर कधी कित्येक वर्षांनी दिसतो.

उद्या पहिल्या गाडीनं निघा. यवतमाळचं मेडिकल, सेवाग्राम, सावंगी, नागपूर, जे सोयीचं पडेल ते. रक्तात कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचा हार्मोन) तपासायचं आहे, सोबत ईसीजी. कागदावर लिहून न्या. "चौदा वर्षांपूर्वी थायरॉइड काढलं" हे वाक्य सगळ्यात आधी सांगा.

झटक्याची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. रात्री श्वास घेताना घशातून ओढल्यासारखा आवाज आला किंवा पुन्हा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ बोलवा. झटक्यात कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. कांदा भाजीत टाका.

---

कपाशीवाला | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

वाचलं साहेब. पहाटेच्या एसटीनं निघतो. सोयाबीनची सोंगणी चालू आहे, मजूर ठरलेले आहेत, पण ते भाऊ पाहील.

---

क्षकिरण | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

ते प्रवासात असतील, तोवर पांढऱ्याबद्दल लिहून ठेवतो. मी क्ष-किरण विभागात काम करतो, दिवसभर हेच पाहतो.

सीटीच्या चित्रात प्रत्येक बारीक चौकोनाला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००. मेंदूचा गर साधारण ३० ते ४०, ताजं साकळलेलं रक्त ५० ते ८०, कॅल्शियम बहुतेकदा १०० च्या वर, आणि कवटीचं घट्ट हाड हजाराच्या घरात. आकडा मोठा तेवढा रंग पांढरा. या मोजमापाला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हा ईएमआय कंपनीतला इंजिनियर. त्याच्या मशीनवर पहिल्या रुग्णाचा मेंदू १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पाहिला गेला. १९७९ चं नोबेल त्याला आणि अ‍ॅलन कॉरमॅकला मिळून मिळालं. त्याआधी जिवंत माणसाच्या मेंदूतला एवढासा कॅल्शियमचा दाणा पाहायचा तर साधा एक्स-रे होता, आणि त्यात कवटीचंच पांढरं आडवं यायचं.

नुसतं पांढरं पाहून आम्ही काही ठरवत नाही. रक्तस्रावही पांढरा दिसतो. मग त्या जागेवर माउसनं छोटा गोल काढायचा, मशीन आतल्या आकड्यांची सरासरी सांगतं. ६५ आला तर रक्ताचा संशय, १६० आला तर कॅल्शियम. दुसरी युक्ती म्हणजे चित्र हाडाच्या विंडोवर, म्हणजे हाड नीट दिसेल अशा उजेड-अंधारावर, टाकायचं. त्यात मेंदूचा गर सपाट करडा होतो, रक्त त्यात विरून जातं, कॅल्शियम मात्र टिकून दिसतं. दाणा फार बारीक असला की आजूबाजूच्या गरात मिसळून आकडा खाली येतो, तिथं फसायला होतं. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात. रक्त असेल तर फिकं होत जातं, कॅल्शियम जिथल्या तिथं.

आकड्यानंतर जागा पाहायची, माझ्या मते अर्धं निदान तिथंच होतं. पिनियल ग्रंथी, कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतलं पाणी बनवणारं जाळं), दोन अर्धगोलांमधला फाल्क्स नावाचा पडदा, इथं मोठ्या माणसांत कॅल्शियम दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे. उतारवयात बेसल गँग्लियात (मेंदूच्या खोलवर दोन्हीकडं असलेले पेशींचे पुंजके) थोडी पांढरी झाक आली तरी आम्ही एका ओळीत लिहून सोडतो. पण दोन्हीकडं दाट, आणि खाली लहान मेंदूतल्या डेंटेट न्यूक्लियसमध्येही असेल, तर रक्त तपासल्याशिवाय तो रिपोर्ट पुरा होत नाही. 'क्लिनिकल कोरिलेशन' या दोन शब्दांचा अर्थ तोच : आम्ही चित्र पाहिलं, आता माणूस तुम्ही पाहा. आमच्याच लोकांनी ते इतक्या वेळा लिहिलं आहे की आता कुणी वाचत नाही, हा दोष आमचा.

ट्यूमरबद्दल. काही ट्यूमरमध्ये कॅल्शियम जमतं. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, मेनिन्जिओमा, लहान मुलांतला क्रेनिओफॅरिंजिओमा. पण तिथं गाठ असते, ती शेजारच्या भागाला ढकलते, आणि ती सहसा आरशातल्या प्रतिमेसारखी दोन्ही बाजूंना सारखी नसते. तुमचं 'दोन्हीकडची बोंडं' हे वर्णन त्या दृष्टीनं दिलासा देणारं आहे.

---

निळी_बस | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

डॉक्टर, हे वाचून पोटात गोळा आला आणि मग गेला. दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलो तेव्हा सीटी झाला होता. रिपोर्टात 'पिनियल अँड कोरॉइड प्लेक्सस कॅल्सिफिकेशन' लिहिलं होतं. कुणाला विचारलं नाही. रात्री डोळे मिटले की तेच. वय ४४.

---

क्षकिरण | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

निळी बस, निवांत झोपा. त्या जागी त्या वयात नसतं तर मीच दोनदा पाहिलं असतं. पिनियलचा दाणा एक सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा अगदी लहान मुलात दिसला, तर विचार करावा लागतो.

अवांतर : सीटीच्या आधीच्या काळात या दाण्याचा मोठा आधार होता. तो मेंदूच्या बरोबर मधल्या रेषेत असतो. एक्स-रेमध्ये डावीकडं सरकलेला दिसला की उजवीकडं काहीतरी वाढतंय किंवा साकळलंय असं समजायचं. आमचे जुने सर फिल्मवर पट्टी ठेवून मोजायचे.

---

मोर्शीची_आशा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१५

धाग्यात घुसते, माफ करा. पण विषय तोच आहे.

माझ्या दिराला, वय २४, दोनदा झटका आला. सीटीत डाव्या बाजूला एकच पांढरा ठिपका, ४ मिलिमीटर. लिहिलं आहे 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा, लाइकली हील्ड न्यूरोसिस्टिसर्कोसिस'. डॉक्टर म्हणाले, जंताची अंडी पोटात गेल्यानं होतं, डुकराच्या मांसातला जंत. घरी रडारड. आमचं घर माळकरी, सासरे दरवर्षी वारीला जातात, मटण तर दूरच, घरात अंडंही शिजत नाही. सासूबाई दिराला विचारतात, "खरं सांग, कुठं खाल्लं?" पोरगं बोलेनासं झालं. वरून डॉक्टरनं जंताचं औषधही दिलं नाही, फक्त झटक्याची गोळी दिली. आता सगळे म्हणतात, जंत डोक्यातच ठेवला.

मी स्वतः आशा आहे, शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल वाटते. पण याचं उत्तर मले देता येत नाही.

---

क्षकिरण | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

ताई, आधी सासूबाईंसाठी. दिरानं काही खाल्लेलं नाही, आणि खाल्लं असतं तरी मेंदूतला हा ठिपका थेट त्यातून आला नसता.

या जंताचं चक्र दोन पायऱ्यांचं आहे. कच्चं राहिलेलं, जंताच्या पुटकुळ्या असलेलं डुकराचं मांस खाल्लं की त्या माणसाच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. टीनिया सोलियम त्याचं नाव. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती अंडी मातीत, नाल्याच्या पाण्यात, न धुतलेल्या हातावर येतात आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडात जातात. ज्याच्या पोटात अंडी गेली त्याच्या मेंदूत पुटकुळी होते. तो दुसरा माळकरी असू शकतो, जैन असू शकतो. कच्चा मुळा, गाजर, आणि आपल्याकडं भाजीवर वरून टाकतात तो सांबार. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. नाल्याच्या पाण्यावर पिकलेला सांबार नुसता झटकून ताटात येतो, तिथं वारकरी आणि बिनवारकरी सारखेच.

आता सीटीत काय दिसतं. पुटकुळी जिवंत असते तेव्हा पाण्यासारखी काळी गोल जागा, आत एका कडेला ठिपका. तो जंताचा शिरोभाग, 'भोकातला ठिपका' म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. जंत मरायला लागला की शरीर त्याच्यावर उठतं, भोवती सूज येते, औषध टोचून केलेल्या सीटीत कडं चमकतं. बहुतेक झटके याच काळात येतात. मग ते आकसत जातं आणि शेवटी कॅल्शियमचा दाणा उरतो. दिराचा ४ मिलिमीटरचा ठिपका ही शेवटची पायरी. जंत आधीच मेलेला आहे. मेलेल्याला अल्बेंडाझोल देऊन काही मिळत नाही, म्हणून दिलं नाही. डॉक्टर बरोबर आहेत. जिवंत पुटकुळ्यांवर ते देतात तेव्हाही स्टिरॉइडच्या आडोशानं, कारण जंत एकदम मेले की सूज उसळते. शाळेतली ४०० मिलिग्रॅमची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी, ती वेगळी गोष्ट.

मेलेला दाणासुद्धा कधीमधी भोवती सूज आणतो आणि झटका देतो. म्हणून झटक्याची गोळी नेमानं, एकही दिवस न चुकता. ती कधी थांबवायची हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. तोवर विहिरीवर एकट्यानं पोहणं नाही, ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही.

क्षयाची गाठही शेवटी असाच कॅल्शियमचा दाणा सोडू शकते. ती बहुधा मोठी आणि वेडीवाकडी असते. चालू अवस्थेत कधी मधोमध पांढरा दाणा आणि भोवती चमकतं कडं दिसतं. घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना सांगा.

---

मोर्शीची_आशा | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

सासूबाईले मोठ्यानं वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळच्या भाजीचा सांबार पाण्यात टाकून बसल्या आहेत, तासभर झाला.

---

पानफुटी_प्रेमी | १३ ऑक्टोबर, रात्री ८:१२

मूतखड्यावर पानफुटीचा रस चालतो, तसा मेंदूतल्या खड्यावर का चालू नये? डॉक्टर लोकं सांगणार नाहीत. पंधरा दिवस उपाशीपोटी

*[उरलेला मजकूर संपादित. औषधाच्या मात्रा इथं लिहू नयेत. – संपादक]*

---

क्षकिरण | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

नाही चालत. मेंदूतलं कॅल्शियम मूतखड्यासारखं नळीत सुटं पडलेलं नसतं, ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि आसपास रुतलेलं असतं. बाहेर पडायला वाटच नाही.

वहिनींच्या बोअरच्या पाण्याचंही इथंच सांगतो. खाऱ्या पाण्यातला क्षार मेंदूत जाऊन बसत नाही. रक्तातलं कॅल्शियम किती ठेवायचं हे पॅराथायरॉइड, मूत्रपिंड आणि व्हिटॅमिन डी ठरवतात, माठ ठरवत नाही. आपल्याकडं यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानं दात आणि हाडं बिघडतात, ते दुखणं खरं आहे. पण हे ते नव्हे.

---

टाइमपास_गुरुजी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

शंका. माझ्या मेहुण्याच्या सीटीत असाच एक ठिपका होता. नागपूरला एमआरआय केला, तर रिपोर्टात त्याचा उल्लेखच नाही. एमआरआय तर वरच्या दर्जाचा ना? एवढे पैसे घालून कमी कसं दिसतं?

---

क्षकिरण | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४५

गुरुजी, दोन्हींचं गणितच वेगळं. सीटी क्ष-किरण किती अडले ते मोजतो, आणि कॅल्शियम ते भरपूर अडवतं. एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा आवाज ऐकतो. कॅल्शियमच्या दाण्यात हलतं पाणी जवळपास नाहीच, त्यामुळं तिथं शांतता, म्हणजे काळं. बारीक दाणा त्या काळ्यात सहज हरवतो. कधी कधी एमआरआयच्या टी-१ नावाच्या चित्रात तेच उलट पांढरं दिसतं, आणि नवशिक्याची तारांबळ उडते.

एसडब्ल्यूआय म्हणून एक चित्र असतं, त्यात कॅल्शियम ठळक काळं दिसतं. पण जुन्या रक्ताचा डागही तसाच काळा. मग त्याच तपासणीतलं फेज चित्र काढायचं. चुंबकात कॅल्शियम आणि रक्तातलं लोह एकमेकांच्या उलट वागतात, म्हणून एक पांढरं तर दुसरं काळं. कोणतं पांढरं हे मशीनच्या कंपनीवर ठरतं. अंदाजानं सांगणारे चुकतात. आम्ही आधी एखादी शीर पाहतो, मग कोरॉइड प्लेक्सस पाहतो, आणि आपला ठिपका कुणाच्या बाजूनं आहे ते ताडतो.

तेव्हा 'कॅल्शियम आहे का' एवढाच प्रश्न असेल तर सीटी पुरतो. भोवती सूज आहे का, जिवंत पुटकुळी लपली आहे का, यासाठी एमआरआय. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग लागतो, तेवढा निसर्गातून वर्षाकाठी आपोआप मिळतोच. तरी उगाच दर सहा महिन्यांनी करत बसू नये.

---

कपाशीवाला | १५ ऑक्टोबर, रात्री ११:५०

मंडळी, उशीर झाला. दवाखान्यातून लिहितो आहे, बाकावर बसून.

कॅज्युअल्टीत एक शिकाऊ डॉक्टरबाई होत्या, तुमच्या कागदावरचं पहिलं वाक्य वाचून थांबल्या. आईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच ठेवला. आई माझ्याकडं पाहत होती. मिनिट गेलं, दोन गेली. मग हळूहळू तिचं मनगट खाली वाकलं, चार बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात शिरला. वेचणीत व्हायचा तोच हात, माझ्या डोळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, "याला सुईणीचा हात म्हणतात." पट्टा सोडला तरी बोटं सुटायला वेळ लागला.

कॅल्शियम ५.६. तिथल्या कागदावर किमान ८.५ हवं लिहिलं आहे. फॉस्फरस ७.१, ते ४.५ च्या आत हवं. पीटीएच अगदी तळाला. ईसीजीतही फरक होता. छातीला तारा लावून शिरेतून कॅल्शियम सावकाश दिलं. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतःच्या हातानं पोळी मोडली.

फेनिटोइन बदललं. त्यानं व्हिटॅमिन डी लवकर संपतं आणि कॅल्शियम आणखी उतरतं, असं सांगितलं. डोळेही तपासले, दोन्हीकडं मोतीबिंदूची सुरुवात आहे, तीही यातलीच.

फिल्म मोठ्या डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर लावली. बोंडाजवळ एक गोल आणि १६२ आकडा आधीपासूनच छापलेला होता. तीन आठवड्यांहून जास्त तो कागद आमच्या घरी होता.

एक गोष्ट अजून डोक्यात शिरत नाही. रक्तात कॅल्शियम नाही, म्हणून जीव जात होता. आणि मेंदूत तेच साचलं. हे कसं?

---

क्षकिरण | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

वाचून बरं वाटलं. डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा, पट्टा तीन मिनिटं धरून ठेवायला गर्दीच्या कॅज्युअल्टीत धीर लागतो.

तुम्ही फवारणी करता ना? दोन औषधं एका टाकीत घातली, एकमेकांशी जुळली नाहीत, की तळाला साका बसतो. प्रत्येक औषध वेगवेगळं विरघळलेलं होतं, एकत्र आल्यावर फाटलं. पीटीएच नसलं की मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकत नाही, तो रक्तात चढतो. कॅल्शियम कमी असलं तरी चढलेल्या फॉस्फरसशी त्याची जोडी जमते, आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा साका बसत जातो, बेसल गँग्लियातल्या बारीक वाहिन्यांभोवती जास्त. म्हणजे दुकानवाल्यानं जे बंद करायला सांगितलं तेच आईंना हवं होतं.

आता कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं तयार रूप) बहुधा कायमचं. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत द्या. जेवणातला फॉस्फरस ती पोटातच धरून ठेवते. रक्तातलं कॅल्शियम सामान्याच्या खालच्या काठावर ठेवतात, मुद्दाम. वर नेलं तर ते लघवीतून जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. म्हणून लघवीतलं कॅल्शियमही अधूनमधून तपासतील.

---

निळी_बस | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

एक विचारू? मी नेटवर 'फार्स डिसीज' वाचलं. बेसल गँग्लियात कॅल्शियम म्हणजे तोच ना? तो तर घराण्यात चालतो म्हणे.

---

क्षकिरण | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

नाव थिओडोर फार या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाचं, त्याचा लेख १९३० चा. नंतर बेसल गँग्लियात पांढरं दिसलं की सरसकट तेच नाव चिकटवायची सवय लागली. घराण्यात चालणारा खरा प्रकार आहे, त्याची एसएलसी२०ए२, एक्सपीआर१ अशी जनुकं सापडली आहेत, आणि गंमत म्हणजे ही दोन्ही पेशीत फॉस्फेट आत-बाहेर करणारी आहेत. पुन्हा फॉस्फरसच. पण ते नाव द्यायचं ते रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच नीट आलं तर. कपाशीवाल्यांच्या आईंचं कारण सापडलेलं आहे, तेव्हा भावंडांनी रांगेत सीटी काढायची गरज नाही.

---

टाइमपास_गुरुजी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

वाचनखूण साठवली. शाळेच्या ग्रुपवर धागा टाकू का?

---

कपाशीवाला | १६ ऑक्टोबर, दुपारी २:०५

टाका गुरुजी. आईचं नाव नाही त्यात.

---

कपाशीवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

धागा वर काढतो. आईचं कॅल्शियम काल ८.१ आलं. झटका नाही. वेचणी सुरू आहे, तिला बांधावर बसायला सांगितलं होतं, अर्ध्या तासात ओटी बांधून कपाशीच्या ओळीत उतरली. बोटं आखडली नाहीत.

तिनं डॉक्टरांना विचारलं, "मंग ते पांढरं गेलं काय?" ते म्हणाले, आहे तिथंच राहील, आणखी वाढू द्यायचं नाही एवढं पाहू. आईला ते काही फारसं आवडलं नाही.

एक शंका राहिली. चौदा वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या वेळी छातीचा एक्स-रे आणि गळ्याचा सीटी झाला होता. ती फिल्म शोधून काढली. टिनाच्या छपराखाली कपाटावर होती. सगळी काळीठिक्कर, काही दिसत नाही. ही पण तशीच होईल का?

---

क्षकिरण | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

८.१ उत्तम. पुढच्या खेपेला फॉस्फरसही लिहा.

फिल्मचं म्हणाल तर, होईल. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात, आपल्या मे महिन्यातल्या टिनाखाली त्या काळ्या पडतात. सेंटरकडून सीडी मागून घ्या आणि कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. फिल्म गुंडाळू नका, पाकिटातच सपाट ठेवा, खालच्या खोलीत, भिंतीला टेकून.

---

कपाशीवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३२

खालची खोली एकच, तिथं कापूस भरला आहे. गव्हाच्या कोठीमागं ठेवतो. सीडीसाठी सोमवारी फोन करतो सेंटरला.